रुग्णवाहिकेला वाट देताना

पुण्यात नळ स्टॉप चौकाच्या अलीकडे एका संध्याकाळी माझ्या मागे रुग्णवाहिकेचा सायरन वाजू लागला. तेव्हा मी जी चूक केली ती अनेक जण करतात, म्हणून आधी तीच सांगतो. मी मधल्या रांगेत होतो. माझ्या डावीकडच्या रिक्षावाल्याने रिक्षा आधीच कडेला दाबून माझ्यासाठी पुरेशी जागा ठेवली होती, पण मी दचकून ब्रेक दाबला आणि आरशात न पाहता गाडी उजवीकडे, दुभाजकाच्या बाजूला घेतली. रुग्णवाहिकेच्या चालकाने पुढे जाण्यासाठी नेमकी तीच फट हेरली होती. त्याला करकचून ब्रेक लावावा लागला, गाडीचे नाक खाली दबले आणि मागच्या धुरकट काचेतून छताचा दांडा घट्ट धरलेला एक हात मला दिसला. रिक्षावाल्याने बाहेर वाकून मला डावीकडे येण्याची खूण केली आणि रुग्णवाहिका निघून गेल्यावर शांतपणे म्हणाला, "साहेब, आधी ठरवा, मग हला."

वाट देण्यासंबंधी मला जे सांगायचे आहे ते या वाक्यात बरेचसे आले आहे. आपल्यामुळे मागच्या चालकाला ब्रेकवर पाय ठेवावा लागला का, हा प्रश्न स्वतःला विचारावा आणि आपण वाट नीट दिली की नाही ते त्याच्या उत्तरावरून ठरवावे. रुग्णवाहिकेच्या आत काय चालले असेल याची कल्पना केली, तर ब्रेकला इतके महत्त्व का, ते लक्षात येते. हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबावी लागते आणि हे काम करणारा माणूस धावत्या गाडीत, कशाचाही धड आधार न घेता, रुग्णावर वाकलेला असतो. शीर शोधून सुई टोचणे किंवा मणक्याला मार लागलेल्या माणसाला हलू न देणे, ही कामेही त्याच हलत्या जागेत करावी लागतात. गाडी ताशी 70 किलोमीटरने गेली की 50 ने, यापेक्षा ती सलग आणि धक्क्यांविना गेली की नाही, याला आतल्या माणसांच्या दृष्टीने पुष्कळदा अधिक महत्त्व असते. म्हणून मागचा चालक आपल्या हालचालीचा अंदाज बांधू शकेल असे वागणे, हे वाट देण्यातले मुख्य काम आहे.

सायरन ऐकू आल्यानंतरचे काही क्षण

काचा बंद, वातानुकूलन चालू आणि गाणी लावलेली असतील, तर सायरन आपल्याला फार उशिरा ऐकू येतो. आपण ताशी 50 किलोमीटरने चाललो आहोत आणि रुग्णवाहिका 80 ने येत आहे असे धरले, तर दोन्ही गाड्यांमधले अंतर सेकंदाला सुमारे 8 मीटरने कमी होत असते. ती 100 मीटरवर असताना आवाज कानावर आला, तर हातात बारा सेकंद असतात आणि बारा सेकंद हा चांगला भरपूर वेळ आहे. तोच आवाज 30 मीटरवर आल्यावर जाणवला, तर जेमतेम चार सेकंद उरतात आणि मग माणूस माझ्यासारखे काहीतरी करून बसतो. शहरातून जाताना आवाज बेताचा ठेवावा आणि दर काही सेकंदांनी आरशात पाहण्याची सवय लावून घ्यावी, एवढी पूर्वतयारी पुरते.

सायरन ऐकू आला की पहिल्यांदा गाणी बंद करावीत, काच थोडी खाली करावी आणि आवाज कोणत्या दिशेने येतो आहे ते तिन्ही आरशांत पाहून ठरवावे. उंच इमारतींच्या मधून किंवा उड्डाणपुलाखालून जाताना आवाज भिंतींवर आपटून भलत्याच बाजूने आल्यासारखा वाटतो, त्यामुळे दिवे दिसेपर्यंत केवळ कानांवर विसंबू नये. रुग्णवाहिकेच्या पुढच्या भागावर 'ॲम्ब्युलन्स' हा इंग्रजी शब्द उलटा लिहिलेला असतो, तो याच क्षणासाठी: पुढच्या चालकाला तो आरशात सुलटा वाचता येतो. सायरनच्या सुरांवरूनही काही कळते. मोकळ्या रस्त्यावर बहुधा लांबलचक, चढत-उतरत जाणारा सूर लावलेला असतो, तर चौक किंवा गर्दी जवळ आली की अनेक चालक तुटक, घाईचा सूर लावतात. रात्री नुसते दिवे लुकलुकत असतील आणि सायरन वाजत नसेल, तरी वाट द्यायचीच आहे.

त्यानंतर डावा इंडिकेटर द्यावा, डाव्या आरशात आणि खांद्यावरून मागे पाहून डावीकडे दुचाकी नाही ना याची खात्री करावी, वेग हळूहळू कमी करत गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला न्यावी आणि गरज असेल तर तिथे थांबावे. हा क्रम बदलू नये. आधी ब्रेक आणि मग वळणे, असे केले की मागच्याला आपण आहोत तिथेच थांबणार असे वाटते, तो बाजूने निघायला जातो आणि तेवढ्यात आपण वळतो. आपल्याकडे एक घातक सवय अशी आहे की काही जण सायरन ऐकताच चारही इंडिकेटर लावतात. त्यामुळे गाडी डावीकडे जाणार की उजवीकडे की जागीच उभी राहणार, याचा मागच्याला काहीच पत्ता लागत नाही. कडेला येऊन थांबल्यावर ते खुशाल लावावेत, हलत असताना मात्र एकच इंडिकेटर द्यावा. 'तुम्ही पुढे जा' असे सांगण्यासाठी उजवा इंडिकेटर देण्याची ट्रकवाल्यांची जुनी रीतही या प्रसंगी टाळलेली बरी, कारण त्याचा अर्थ 'मी उजवीकडे वळतो आहे' असाही होतो.

दुभाजक असलेला आणि नसलेला रस्ता

दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या वाहनांनी आपापल्या डावीकडे सरकायचे असते. समोरून येणाऱ्यांना वाटते की रुग्णवाहिका पलीकडच्या बाजूला आहे, तिचा आपल्याशी संबंध नाही. प्रत्यक्षात पुढची रांग ओलांडण्यासाठी ती आपल्याच बाजूला येणार असते, म्हणून समोरच्यानेही वेग कमी करून कडेला यावे. दुभाजक असेल, तर पलीकडच्या रस्त्यावरच्या वाहनांनी थांबण्याचे कारण नाही. तिथे विनाकारण थांबल्याने मागून धडक बसण्याचा धोका वाढतो. दुभाजकातील वळणाच्या जागेजवळ मात्र सावध राहावे, कारण पुढे कोंडी असेल तर रुग्णवाहिका तिथून आपल्या बाजूला, राँग साइडने, येऊ शकते.

दोनपेक्षा अधिक रांगा असतील आणि गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतील, तर सर्वांत उजव्या रांगेतील गाडीला डावीकडे येणे शक्यच नसते. अशा वेळी उजव्या रांगेने दुभाजकाला चिकटावे, उरलेल्यांनी डावीकडे सरकावे आणि या दोन्हींच्या मध्ये वाट तयार करावी. जर्मनीत वाहतूक रेंगाळू लागली की सायरनची वाट न पाहता अशी मधली वाट मोकळी ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे (तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे वाट सर्वांत डाव्या रांगेच्या शेजारी पडते). आपल्याकडे तसा नियम नाही. पण लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूक रुग्णवाहिकेसाठी दुभंगते तेव्हा हेच घडते: पुढचे कार्यकर्ते हातांची साखळी धरून गर्दीला कोणत्या बाजूला सरकायचे ते दाखवतात, मागचे त्यांच्याकडे पाहून सरकतात आणि ढोलपथकेसुद्धा क्षणभर थांबतात. रस्त्यावर साखळी धरायला कोणी नसते, म्हणून पुढची गाडी ज्या बाजूला सरकली त्याच बाजूला आपणही सरकावे, आपले वेगळे डोके चालवू नये.

लाल सिग्नल

सर्वांत अवघड जागा हीच आहे. आपण थांबारेषेवर पहिल्या रांगेत आहोत, सिग्नल लाल आहे आणि मागे सायरन वाजतो आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 मधील दुरुस्तीने कलम 194-ई आणले. अग्निशमन वाहन, रुग्णवाहिका किंवा राज्य शासनाने ठरवलेले अन्य आपत्कालीन वाहन येत असताना जो रस्त्याच्या कडेला होत नाही, त्याला या कलमानुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर लाल दिवा ओलांडण्याची, वेगमर्यादा मोडण्याची किंवा विरुद्ध दिशेने जाण्याची मुभा 2017 च्या वाहनचालन विनियमांनी दिली आहे ती आपत्कालीन वाहनाच्या चालकाला, आणि तीही जीव वाचवण्यासारख्या निकडीच्या प्रसंगी, पुरेशी काळजी घेण्याच्या अटीवर. आपल्याला ती मुभा नाही. सायरन ऐकून घाईघाईने चौकात घुसलेला माणूस आडव्या दिशेने हिरव्या दिव्यावर भरधाव येणाऱ्या गाडीपुढे जातो, आणि मग त्या चौकात एकाऐवजी दोन रुग्णवाहिका लागतात.

म्हणून सिग्नलला उभे असताना डावीकडे शक्य तेवढे सरकावे. तेवढ्याने भागत नसेल, तर आडवी वाहतूक खरोखर थांबली आहे हे पाहून, झेब्रा क्रॉसिंगवर माणसे नसतील तरच, थांबारेषेच्या पुढे गाडीच्या लांबीइतके तिरके डावीकडे सरकून पुन्हा थांबावे. मागच्या गाडीला निघता येईल एवढी फट त्यातून बहुतेक वेळा मिळते. चौकात वाहतूक पोलीस असेल, तर काहीच प्रश्न उरत नाही; त्याचा हात सिग्नलपेक्षा वरचढ असतो आणि त्याने पुढे बोलावले तर लाल दिवा असतानाही जावे. थांबारेषा ओलांडल्याचे ई-चलन आलेच, तर महाट्रॅफिक ॲपवर त्याविरुद्ध तक्रार नोंदवण्याची सोय आहे. तारीख, वेळ आणि मागे रुग्णवाहिका होती एवढे स्पष्ट लिहावे आणि डॅशकॅमचे चित्रण असेल तर ते जपून ठेवावे.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेत असाल, तर सर्वांत उपयोगी गोष्ट तुम्ही सायरन वाजण्याच्या आधीच करू शकता. पुढच्या गाडीची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसतील इतके अंतर ठेवून थांबावे. बंपरला बंपर लावून उभी केलेली गाडी मागेपुढे घेतल्याशिवाय कडेला काढता येत नाही, आणि आपल्याकडे मागेपुढे घ्यायला तरी जागा कुठे असते?

चौकात किंवा वर्तुळाकार बेटाभोवती आधीच शिरलेले असाल, तर मध्येच थांबू नये. चौक पार करून पलीकडे डावीकडे थांबावे. अजून शिरलेले नसाल, तर दिवा हिरवा असला तरी रुग्णवाहिका जाईपर्यंत शिरू नये.

द्रुतगती मार्ग, उड्डाणपूल आणि घाट

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एका दिशेला तीन मार्गिका आहेत आणि उजवी मार्गिका ओलांडून पुढे जाण्यासाठी आहे. वाहतूक सुरळीत असताना रुग्णवाहिका बहुधा उजवीकडूनच येते. अशा वेळी तिथे थांबण्याचा विचारही करू नये. वेग कायम ठेवून, डावा इंडिकेटर देऊन मधल्या मार्गिकेत यावे, एवढेच काम आहे. बोरघाटात शनिवारी सकाळी वाहतूक ठप्प झाली की नियम उलटा होतो. तेव्हा उपयोगी पडते ती सर्वांत डावीकडची कडेची पट्टी, आणि अधीर गाडीवाल्यांनी तीच अडवून ठेवलेली असते. चालत्या वाहतुकीत डावीकडे व्हायचे आणि ठप्प झालेल्या वाहतुकीत कडेची पट्टी रिकामी ठेवायची, या दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्या लागतात.

उड्डाणपुलावर आणि बोगद्यात कडेला थांबायला जागा नसते. मुंबईचा सुमारे अडीच किलोमीटरचा जे. जे. उड्डाणपूल घ्या. मधोमध गाडी थांबवली, तर रुग्णवाहिकेसह मागची सगळी रांग अडकते. तिथे डावा इंडिकेटर देऊन डाव्या मार्गिकेत यावे, आणि तीही भरलेली असेल तर आहे त्या वेगाने पूल उतरून लगेच कडेला व्हावे. अर्धा मिनिट पुढे धावणे हीसुद्धा वाट देणेच आहे.

घाटात घाई करू नये. वळणावर किंवा चढाच्या टोकाशी थांबल्यास रुग्णवाहिकेला पलीकडचे दिसत नाही आणि तिला आंधळेपणाने ओलांडावे लागते, म्हणून वळण संपून सरळ पट्टा किंवा रुंद जागा येईपर्यंत चालत राहावे. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात पावसाळ्यात दरीच्या बाजूची कच्ची साइडपट्टी भिजून भुसभुशीत झालेली असते. तिथे चाक उतरवण्यापेक्षा शंभर मीटर पुढे जाणे शहाणपणाचे.

दुचाकीस्वारांसाठी

दुचाकी फटीतून निघू शकते, त्यामुळे वाट द्यायची ती चारचाकींनी, असा समज आहे. वस्तुतः रुग्णवाहिकेच्या चालकाला सर्वांत जास्त धास्ती दुचाकीची असते, कारण ती कोणत्या बाजूने येईल हे त्याला कळत नाही. दुचाकीस्वाराने पूर्ण डावीकडे जाऊन, पाय टेकून थांबावे. हेल्मेटमुळे आवाजाची दिशा कळत नाही, तेव्हा मान वळवून पाहण्यात कमीपणा मानू नये.

आणि रुग्णवाहिकेच्या मागे लागून मोकळ्या वाटेने पुढे निघण्याचा प्रकार सोडून द्यावा. नैतिकतेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी तो धोक्याचा आहे: रुग्णवाहिका गेली असे समजून दोन्ही बाजूंच्या गाड्या एकदम मध्ये येतात आणि मागे चिकटून आलेला दुचाकीस्वार त्यांच्यात सापडतो. मागे निदान पन्नास मीटर अंतर राहू द्यावे. त्याच कारणाने, कडेला थांबलेल्याने पुन्हा रस्त्यावर येताना उजवा इंडिकेटर द्यावा, मागे पाहावे आणि दुसरे आपत्कालीन वाहन येत नाही ना, याची खात्री करूनच निघावे.

रिकामी रुग्णवाहिका आणि आगीचा बंब

"आत कोणी नाही, उगाच सायरन वाजवतोय," हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. महाराष्ट्रात 108 क्रमांकाची सेवा 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांसह सुरू झाली. अशी गाडी रुग्णाकडे निघते तेव्हा स्ट्रेचर रिकामेच असणार, आणि अपघातग्रस्ताच्या दृष्टीने तीच फेरी अधिक निकडीची असते, कारण गाडी पोहोचेपर्यंत त्याच्यावर कोणतेही उपचार सुरू झालेले नसतात. सायरनचा गैरवापर होत नाही असे मी म्हणत नाही. पण तो ओळखणे हे आरशातून पाहणाऱ्याचे काम नव्हे; गाडीचा क्रमांक टिपून नंतर तक्रार करता येते. अवयव घेऊन जाणाऱ्या गाडीतही रुग्ण नसतो. काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या शरीरात बसवावे लागते आणि त्यासाठी वाहतूक पोलीस हरित मार्गिका आखतात. तेव्हा चौकात हिरवा दिवा असूनही पोलिसाने अडवले, तर हॉर्न वाजवू नये.

अग्निशमन दलाच्या बंबाला वाट देताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली म्हणजे त्याचे वजन. पोटात काही हजार लीटर पाणी घेऊन धावणारा बंब चटकन थांबत नाही, म्हणून त्याच्या पुढ्यात अचानक ब्रेक लावणे रुग्णवाहिकेपुढे लावण्यापेक्षाही वाईट. दुसरी म्हणजे तो बहुधा एकटा नसतो. मागोमाग दुसरा बंब, पाण्याचा टँकर किंवा शिडीची गाडी येत असते. पहिला गेला म्हणून निघालेली गाडी दुसऱ्याच्या वाटेत येते.

बंबाची वाट अडवण्यासाठी गाडी चालवत असण्याचीही गरज नसते. पेठांमधल्या आणि जुन्या गावठाणांतल्या गल्ल्यांत तोंडाशी लावलेली एक मोटार बंबाला वळू देत नाही, आणि शिडीच्या गाडीला तर वळण्याखेरीज तिचे आधाराचे पाय पसरण्यासाठी दोन्ही बाजूंना जागा लागते. गल्लीच्या कोपऱ्यापासून निदान दोन गाड्यांच्या लांबीइतकी जागा सोडावी, सोसायटीच्या फाटकासमोर आणि आगीच्या पाण्याच्या नळाजवळ गाडी लावू नये आणि जागेअभावी कुठे अडचणीत लावावीच लागली, तर पुढच्या काचेवर आपला फोन नंबर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा व रात्री तो फोन बंद करून झोपू नये.